क्यूआर कोड छापायला टाकताय? आधी हे वाचून घ्या

दोन वर्षांपूर्वी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी ठाण्यातल्या वर्तकनगरच्या एका काकूंचा फोन आला. "अगं, तुझ्या चिवड्याच्या पाकिटावर ते ठिपक्याठिपक्यांचं चौकोनी छापलंयस ना, त्यावर नातवानं मोबाईल धरला तर काहीतरी इंग्रजीत येतंय. प्लॅन संपला म्हणे. धंदा बंद केलास का गं?"

धंदा कसला बंद, नौपाड्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात त्या क्षणी तीन कढया चालू होत्या. बंद पडला होता कोड. एका वेबसाइटवर 'फ्री' असं लिहिलेलं बघून मी तो बनवला होता आणि चाचणीचे चौदा दिवस नेमके तेव्हा संपले होते. दीड हजार स्टिकर छापलेले, त्यातले नऊएकशे पाकिटांवर चढलेले. त्या रात्री मी, नणंद आणि तिची मुलगी अडीच वाजेपर्यंत त्या कोडांवर साधे गोल 'शुभ दीपावली' स्टिकर चिकटवत बसलो.

तेव्हापासून हा विषय मी जरा मन लावून शिकले. आता सोसायटीच्या कमिटीत आहे, त्यामुळे तिथले कोडही माझ्याच गळ्यात पडलेत. नवा धंदा सुरू करणाऱ्या तिघीचौघींना हेच सगळं तोंडी सांगून झालं, म्हणून आता लिहूनच काढते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. साधा क्यूआर कोड बनवायला पैसे लागत नाहीत आणि तो कधी 'एक्स्पायर' होत नाही. १९९४ साली जपानमधल्या डेन्सो वेव्ह या कंपनीनं गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला हा प्रकार काढला. पेटंट त्यांच्याकडे होतं, पण प्रमाणित कोडासाठी त्यांनी ते कुणावर बजावलं नाही. म्हणून तो आज अगरबत्तीच्या पुड्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळीकडे दिसतो. कोडाचे पैसे कुणी मागत असेल, तर ते नक्की कशाचे, एवढं विचारायचं.

हाताशी काय काय हवं

- दोन फोन. एक तुमचा आणि एक घरातला सगळ्यात जुना, कॅमेऱ्यावर ओरखडे असलेला. दुसरा जास्त महत्त्वाचा.
- फूटपट्टी.
- कोड जिथे न्यायचाय तो पत्ता, म्हणजे लिंक, नंबर किंवा यूपीआय आयडी. एका जागी नीट लिहून, दुसऱ्याकडून तपासून घेतलेला.
- पैशांसाठी दुकानाच्या नावानं कोड घ्यायचा असेल तर पॅन, आधार, बँक पासबुक किंवा रद्द केलेला चेक आणि धंद्याचा पुरावा (गुमास्ता म्हणजे दुकानाची नोंदणी, किंवा उद्यम म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी).
- सोसायटीसाठी घ्यायचा असेल तर सोसायटीचं पॅन, नोंदणी प्रमाणपत्र, कमिटीचा ठराव आणि सही करणाऱ्यांची कागदपत्रं. बँकेनुसार एखादा कागद कमीजास्त होतो. फोन करून यादी विचारून जा, नाहीतर दोन खेपा ठरलेल्या.

१. स्कॅन केल्यावर काय व्हायला हवं, ते आधी एका वाक्यात लिहा

हे वाक्य सुचेपर्यंत कोड बनवायला बसू नका. "गिऱ्हाइकानं पैसे द्यावेत." "गिऱ्हाइकाला दरपत्रक दिसावं." "मला व्हॉट्सॲपवर ऑर्डर यावी." "पाहुण्यांना वायफाय मिळावं." प्रत्येक वाक्याचा कोड वेगळा. दिसायला सगळे सारखेच, तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन आणि मध्ये मुंग्या. म्हणून तर गोंधळ होतो.

एकाच कोडात पैसे, पत्ता, इन्स्टाग्राम आणि मेनू असं सगळं कोंबायचा मोह होतो. मी तेही करून पाहिलंय. माणूस स्कॅन करतो, सहा बटणं बघतो आणि फोन खिशात घालतो. काउंटरवर पैशांचा एक आणि पाकिटावर ऑर्डरचा एक, एवढ्यावर माझं भागतं.

दुसरं, कोडात काय जाऊ शकत नाही तेही माहीत हवं. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक, वजन, किंमत, तारखा, घटक हे सगळं डोळ्यांनी वाचता येईल असंच छापावं लागतं. 'कोड स्कॅन करून बघा' ही पळवाट चालत नाही. मॉलच्या बिलिंगला लागणारा उभ्या रेघांचा बारकोडही वेगळा, त्याच्या जागी आपण घरी बनवलेला क्यूआर कोड टाकून काम होत नाही.

२. स्टॅटिक की डायनॅमिक? माझे पैसे इथेच बुडाले

स्टॅटिक कोडात तुमचा पत्ता थेट त्या ठिपक्यांतच लिहिलेला असतो. छापला की दगडावरची रेघ, बदलता येत नाही. पण मध्ये कुणी तिसरा नसल्यामुळे तो बंद पाडणाराही कुणी नसतो.

डायनॅमिक कोडात तुमचा पत्ता नसतोच. त्यात कोड बनवून देणाऱ्या कंपनीचा एक छोटा पत्ता असतो, आणि तिथे पोचलेल्या माणसाला कंपनी तुमच्याकडे पाठवते. म्हणजे "घर सापडत नसेल तर कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारा" असं आमंत्रणपत्रिकेवर छापल्यासारखं. सोय मोठी आहे. उद्या घर बदललं तर पानवाल्याला सांगितलं की झालं, पत्रिका तशाच चालतात. किती जण विचारून गेले, तेही तो मोजून ठेवतो. पण पानवाल्यानं महिन्याचे पैसे मागायला सुरुवात केली, किंवा टपरीच हलवली, की पाहुणे रस्त्यावर.

'फ्री' म्हणणाऱ्या बऱ्याच साइट्स न सांगता डायनॅमिक कोड हातात देतात. हे ओळखायची युक्ती सोपी आहे आणि छापण्याआधी ती वापराच. कोडावर कॅमेरा धरा, पण उघडू नका. स्क्रीनवर पत्ता दिसेल. तो तुमचा असेल, म्हणजे तुमची वेबसाइट, तुमचा व्हॉट्सॲप नंबर, तुमची ड्राइव्हची लिंक, तर कोड स्टॅटिक. कधी न ऐकलेलं चारसहा अक्षरांचं नाव आणि पुढे रँडम अक्षरं दिसली, तर मध्ये पानवाला आहे. माझ्या चिवड्याच्या कोडावर हे दहा सेकंदांत कळलं असतं.

मग दरपत्रकासारखी सतत बदलणारी गोष्ट असेल तर काय करायचं? तीन मार्ग आहेत.

पहिला, मी आता वापरते तो. दरपत्रकाची पीडीएफ गूगल ड्राइव्हवर ठेवायची आणि तिच्या लिंकचा स्टॅटिक कोड करायचा. दर बदलले की जुनी फाइल काढून नवी टाकायची नाही, कारण नवी फाइल म्हणजे नवी लिंक. त्याच फाइलवर 'मॅनेज व्हर्जन्स'मध्ये जाऊन नवी आवृत्ती चढवायची, लिंक तीच राहते. आणि शेअरिंगमध्ये 'लिंक असलेल्या कुणालाही बघता येईल' असं केलंय ना, ते दुसऱ्याच्या फोनवर तपासा. तुमच्या फोनवर ते उघडणारच, कारण मालक तुम्ही आहात. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची कागदपत्रं फक्त खजिनदारांनाच दिसत होती. दोन दिवस ते म्हणत होते, "माझ्याकडे व्यवस्थित उघडतंय हो!"

दुसरा, स्वतःचं डोमेन, म्हणजे आपल्या नावाचा वेबसाइटचा पत्ता, घ्यायचं. त्यावरचं एक पान कोडात द्यायचं आणि ते पान पुढे कुठे न्यायचं ते आपण ठरवायचं. पानवाला आपल्याच घरचा. वर्षाचं भाडं वेळेवर भरायची शिस्त मात्र हवी.

तिसरा, पैसे देऊन डायनॅमिक कोड. हजारो खोकी छापणार असाल आणि कुठल्या भागातून किती स्कॅन आले हे कळून खरंच काही निर्णय घेणार असाल, तर जरूर घ्या. घेताना तीन प्रश्न विचारा. वर्षाचे किती? भरायचे राहिले तर आधी छापलेल्या कोडांचं काय होणार? माझं स्वतःचं डोमेन जोडता येईल का? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा गुळमुळीत बोलायला लागला, तर उठा.

३. पैशांचा कोड: बनवू नका, बँकेकडून किंवा ॲपमधूनच घ्या

यूपीआयचा कोड म्हणजे आत तुमचा यूपीआय आयडी, नाव आणि हवी असल्यास रक्कम, एवढंच. कुठल्याही यूपीआय ॲपनं कुठलाही यूपीआय कोड चालतो, त्यामुळे काउंटरवर पाच रंगांचे पाच कोड लावायची गरज नाही. एक पुरे.

निवड करायची ती वैयक्तिक कोड आणि मर्चंट कोड, म्हणजे धंद्याच्या नावाचा, यांच्यात. सुरुवातीला, महिन्याला दहावीस ऑर्डरी असतील तर वैयक्तिक चालून जातो. धंदा वाढला की मर्चंट घ्या. हिशेब वेगळा राहतो, पैसे आल्याचा आवाज देणारी डबी मिळते, आणि यूपीआयला रूपे क्रेडिट कार्ड जोडलेली गिऱ्हाइकं मर्चंट कोडावरच त्या कार्डानं पैसे देऊ शकतात, वैयक्तिकवर नाही. डबीला महिन्याचं भाडं असू शकतं, ते आधी विचारून घ्या. मोदक घ्यायला आलेल्या बारा जणांच्या गर्दीत हात पिठाचे असताना फोन बघावा लागत नाही, एवढ्यासाठी मला ते भाडं परवडतं.

रक्कम आत भरलेला कोड कधी वापरायचा? सगळ्यांना एकच रक्कम असेल तेव्हा, उदाहरणार्थ गणपतीची ठरावीक वर्गणी. मेंटेनन्सला नको, कारण प्रत्येक फ्लॅटचं बिल वेगळं.

सोसायटीच्या पैशाला सेक्रेटरीचा वैयक्तिक कोड कधीच लावू नका, माणूस कितीही सज्जन असो. कमिटी बदलते, कोड लिफ्टशेजारी तसाच राहतो, आणि मग जुन्या सेक्रेटरींच्या खात्यात कुणाचे तरी पैसे जात राहतात. कोड सोसायटीच्या खात्याचाच घ्या. खातं किंवा बँक बदलली तर जुना कोड त्याच दिवशी खाली उतरवा.

आता सापळे.

छापलेल्या कोडावर कुणी आपला कोड चिकटवून जाऊ शकतो. रोज सकाळी शटर उघडताना एकदा बोट फिरवा, कड लागते का बघा. आठवड्यातून एकदा स्वतः एक रुपया पाठवा. गिऱ्हाइकालाही सांगा, "नाव काय येतंय ते वाचा हो." दिसलेलं नाव पाटीवर ठळक छापलं की अर्धं काम होतं.

दुसरा सापळा मला प्रत्यक्ष भेटला. "मिलिटरी कँटीनमधून बोलतोय, वीस किलो लाडू हवेत, ॲडव्हान्स पाठवतो, मी कोड पाठवलाय तो स्कॅन करा." हिंदी अगदी गोड. पैसे घ्यायला आपल्याला कधीही कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. स्कॅन आणि पिन, दोन्ही देणाऱ्याची कामं. मी म्हटलं, "तुम्ही माझाच कोड स्कॅन करा ना." फोन कट. तुमचे पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, नंतर रडायला वेळ आहे.

४. व्हॉट्सॲप, वायफाय, संपर्क

ऑर्डरीसाठी व्हॉट्सॲपचा कोड मला सगळ्यात उपयोगी पडला. लिंक साधी असते. व्हॉट्सॲपचा छोटा पत्ता (https://wa.me/), पुढे ९१ आणि तुमचा दहा आकडी नंबर, मध्ये अधिकचं चिन्ह किंवा शून्य नाही. इतकीच लिंक असेल तर कोड छान मोकळाढाकळा येतो, एका बाजूला २५ ठिपके. पण पुढे तयार संदेश जोडायचा आणि तोही मराठीत, तर गंमत होते. लिंकमध्ये देवनागरीच्या एकेका चिन्हाची नऊनऊ अक्षरं होतात. 'नमस्कार' हा एक शब्द त्रेसष्ट अक्षरं खातो. म्हणून तयार संदेश द्यायचाच तर दोन शब्दांत उरका.

व्हॉट्सॲप बिझनेस ॲप स्वतःचा तयार कोडही देतं. तो चांगला आहे, फक्त ॲपमधलं 'रीसेट'चं बटण दाबू नका. दाबलंत की छापलेले सगळे कोड निकामी.

वायफायच्या कोडात पासवर्ड उघडउघड असतो, कुणीही वाचू शकतं. पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळं गेस्ट नेटवर्क करून त्याचाच कोड लावा. नावनंबर सेव्ह होणारा संपर्क कोड व्हिजिटिंग कार्डाला ठीक, पण त्यात नाव आणि नंबर एवढंच भरा. पत्ता, हुद्दा, दोन ईमेल घातले की कोड गच्च होतो.

५. कोड गच्च का होतो, आणि किती मोठा छापायचा

आत जितका मजकूर जास्त, तितके ठिपके जास्त. सगळ्यात लहान प्रमाणित कोड एका बाजूला २१ ठिपक्यांचा, सगळ्यात मोठा १७७ चा. कागदावर जागा तेवढीच, म्हणजे प्रत्येक ठिपका बारीक होत जातो.

मराठी मजकूर थेट कोडात घालणाऱ्यांना हे लवकर चटका देतं. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये (साठवणुकीच्या एका घरात) बसतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन घेतं आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. 'ठाणे' लिहायला बारा बाइट लागतात. अनारशाची कृती, समजा तीनशे चिन्हं, थेट कोडात घातली तर एका बाजूला शंभराहून जास्त ठिपके होतात. तीन सेंटीमीटरच्या स्टिकरवर एकेक ठिपका पाव मिलिमीटरच्या आसपास. आमच्या घरातल्या जुन्या फोननं त्यापुढे हात टेकले. कृती वेबपानावर ठेवा, कोडात फक्त लिंक द्या.

आकाराचा ढोबळ हिशेब असा, की जितक्या अंतरावरून स्कॅन होणार त्याच्या एक दशांश. हातात धरलेल्या पाकिटाला अडीचतीन सेंटीमीटर, दोनच्या खाली कधीच नको. काउंटरपलीकडून एक मीटरवर, तर दहा सेंटीमीटर. वीस मीटरवरच्या होर्डिंगला दोन मीटरचा चौकोन. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, नियमामुळे ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड द्यावा लागतो, त्यामुळे घोडबंदर रोडला आता जिकडेतिकडे ते दिसतात. त्यातले किती चालत्या गाडीतून स्कॅन होत असतील देव जाणे. अर्थात घोडबंदरला गाडी बहुतेक वेळा उभीच असते, तो भाग वेगळा.

कोड बनवताना 'एरर करेक्शन' असा एक पर्याय येतो. कोडाचा थोडा भाग खराब झाला तरी तो वाचला जावा, याची ती सोय. एल, एम, क्यू, एच अशा चार पायऱ्या, साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के नुकसान सोसणाऱ्या. एच सगळ्यात भारी म्हणून डोळे मिटून तोच घेऊ नका, त्यानं ठिपके वाढतात. घरातल्या पाटीला एम पुरतो. तेलाचे हात लागणाऱ्या चकलीच्या पाकिटाला मी क्यू घेते. मध्ये लोगो बसवायचा असेल तरच एच, आणि लोगोही छोटासा. तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांवर काहीही चढवायचं नाही, गणपतीबाप्पासुद्धा नाही.

६. छापखान्यात काय सांगायचं

कोडाची फाइल एसव्हीजी (मोठी केली तरी कडा न फाटणारी) किंवा पीडीएफ द्या आणि ईमेलनं पाठवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि ठिपक्यांच्या कडा विरघळतात. डिझायनर दादांना स्पष्ट सांगा, "ताणायचा नाही, चौकोन चौकोनच राहू दे." जागेत बसवायला एका बाजूनं खेचायची सवय हाताला असते.

चारी बाजूंनी कोरी जागा हवी, निदान चार ठिपक्यांइतकी. त्या जागेत बॉर्डर, तोरण, पणत्या काही येऊ देऊ नका. ठिपके गडद, मागचा भाग फिका. केशरीवर पिवळा दिवाळीत सुंदर दिसतो, पण फोनला काही दिसत नाही. काळ्या पाकिटावर पांढरे ठिपके काही ॲप वाचतात, काही नाही. कशाला जुगार खेळा, मागे पांढरा पट्टा टाका.

लॅमिनेशन मॅट घ्या. ग्लॉसीवर ट्यूबलाइटचा पट्टा नेमका कोडावरच चमकतो. लोणच्याच्या गोल बरणीवर कोड रुंद झाला तर दोन्ही कडा मागे वळतात, म्हणून तो लहान ठेवा किंवा सरळ झाकणावर लावा. झाकणाची युक्ती नणंदेची.

कोडाखाली एक ओळ हवीच: 'ऑर्डरसाठी स्कॅन करा' किंवा 'पैसे देण्यासाठी'. शेजारी साध्या आकड्यांत फोन नंबर. वर्तकनगरच्या काकूंसारखी माणसं शेवटी फोनच करतात.

७. एकच छापा, मग छळा

पूर्ण ऑर्डर देण्याआधी खऱ्या कागदावर, खऱ्या आकारात एक प्रत मागा. स्क्रीनवर चालला म्हणून कागदावर चालेल असं नसतं. ती प्रत पाकिटावर चिकटवा, तेलकट बोट फिरवा, थोडी चुरगळा. मग जुन्या फोननं, वायफाय बंद करून, संध्याकाळच्या उजेडात स्कॅन करा. घराबाहेरच्या कुणाला तरी काही न सांगता हातात द्या आणि तो काय करतो ते बघा. पैशांचा कोड असेल तर एक रुपया पाठवून, खात्यात आलेला बघूनच हो म्हणा.

८. वहीत नोंद

कोड लावून झाले की आपण ते विसरतो. मी एका वहीत चार रकाने आखलेत: कोड कुठे लावलाय, कुठे नेतो, कुणाच्या लॉगिनवर आहे, कधी तपासला. लॉगिनचा रकाना सोडू नका. सोसायटीचा तक्रारीचा फॉर्म ज्या मुलानं बनवला होता तो पुण्याला नोकरीला गेला, आणि फॉर्म त्याच्याच ईमेलवर राहिला. लिफ्टच्या तक्रारी तीन महिने हिंजवडीत जात होत्या. आता नवा फॉर्म सोसायटीच्या ईमेलवर आहे. हे लिहिताना वही उघडली तर दिसलं, की बी विंगच्या तळमजल्यावर जुनाच कोड अजून लटकतोय आणि पुढे माझ्याच अक्षरात 'काढणे' असं लिहिलंय. कात्री घेऊन खाली जाते.